ज्या बाईसाठी फौजदार गेले

फौजदारांच्या नावाची पाटी चौकीच्या भिंतीवर बसवली, त्या दिवशी सगळं गाव आलं होतं. जिल्ह्याहून मोठे साहेब आले, शिपायांनी सलामी दिली. साहेबांनी पाटीवरचं कापड ओढलं तर ते खिळ्याला अडकलं, आणि शेवटी ड्रायव्हरनं स्टुलावर चढून ते सोडवलं. मी पुढच्या खुर्चीवर होते, शेजारी सासूबाई. एकेक जण येऊन भेटत होता. किराणावाला म्हणाला, "असा माणूस पुन्हा होणे नाही, सिस्टर." मास्तर म्हणाले, "देवमाणूस." लाकडाच्या वखारीतले कामगार तर रांगेनं आले, माना खाली घालून, आणि पाटीसमोर हात जोडून निघून गेले.

मी त्यांच्या तोंडांकडे बघत होते. फौजदारांना गोळी लागली तेव्हा हे सगळे कामगार वखारीच्या अंगणातच उभे होते. आणि तपासाला आलेल्या साहेबांना एकजात सगळ्यांनी सांगितलं होतं की करवत चालू होती, काही ऐकू आलं नाही. आमची पाठ होती, काही दिसलं नाही.

फाटकाबाहेर, गर्दीपासून लांब, एक बाई उभी होती. वखारवाल्यांची धाकटी सून. गावात तिला सगळे नुसतं 'धाकटी' म्हणत. फौजदारांनी जिला वाचवलं, ती हीच. किराणावाल्याच्या बायकोचं लक्ष गेलं आणि तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तू कशाला आलीस गं? अजून काही राहिलंय का?"  धाकटी आली तशी गेली. साहेबांचं भाषण चालूच होतं. मला बरंच वाटलं. मी उठले असते तर मीही तिला तेच विचारलं असतं.

फौजदार म्हणजे माझा नवरा. मीसुद्धा घरी त्यांना फौजदारच म्हणायची. आधी चिडवायला, मग सवयीनं. फौजदार, गॅस संपलाय. फौजदार, आईंचा चष्मा दुरुस्तीला टाका. डोंगरातल्या विखुरलेल्या वस्त्यांना मिळून ती एक चौकी होती. दोन खोल्या, एक टेबल, आणि एक जीप, जिचं डावीकडचं दार तारेनं बांधलेलं. माणसं दोनच, फौजदार आणि ड्रायव्हर. रस्त्याच्या पलीकडे सरकारी दवाखाना, तिथे मी नर्स. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, तेही रस्ता बरा असला तर. त्यामुळे आजारी पडायचं ते माझ्या भरवशावर आणि भांडायचं ते फौजदारांच्या, असं आमच्याकडे लोक गमतीनं म्हणत.

त्यांना एक खोड होती. कुठे तंटा आहे असं कळलं की ते लांबूनच शिट्टी वाजवत जायचे. तोंडानं, मोठ्यानं, आणि अगदी बेसूर. मी एकदा म्हटलं, "अहो, चोराला आधी वर्दी देता होय?"

"चोर पळाला तर पुन्हा सापडतो," ते म्हणाले. "पण भांडणाऱ्या माणसाला हातातलं खाली ठेवायला जरा वेळ द्यावा लागतो. एकदम समोर उभं राहिलं की त्याला ते वापरावंच लागतं."

वखारीवर ही शिट्टी फार वेळा ऐकू जायची. वखार दोन भावांची. थोरला सगळा धंदा बघायचा. इथल्या निम्म्या घरांची चूल त्याच्या मजुरीवर पेटायची. धाकटा प्यायचा आणि बायकोला मारायचा. घरात रानडुकरांसाठी घेतलेली बंदूक होती. फौजदारांनी ती एकदा काढून घेतली, थोरल्यानं जिल्ह्याला जाऊन सोडवून आणली. पुन्हा काढून घेतली, पुन्हा सोडवून आणली. तिसऱ्यांदा फौजदारांना वरून फोन आला की परवाना आहे ना, मग तुम्हाला काय त्रास?

त्या दिवशी दुपारी मी लसीची पेटी उघडून बसले होते. फौजदार दाराशी आले.

"धाकट्याचं परत बिनसलंय. बायकोला लाकडाच्या कोठीत घेऊन बसलाय. बंदूक आहे म्हणतात."

"जिल्ह्याला कळवलंत?"

"कळवलं. म्हणाले, माणसं येईपर्यंत थांबा. पण माणसं कधी येणार? खालचा पूल अर्धा उखडलाय." ते क्षणभर उंबऱ्यात घुटमळले. "त्यानं दोनदा माझं ऐकलंय. जाऊन येतो."

"जेवून तरी जा."

"आल्यावर जेवतो."

पुढचं मला ड्रायव्हरनं सांगितलं. ते शिट्टी वाजवत अंगणात गेले. कामगार काम सोडून उभे होते. फौजदारांनी आपलं पिस्तूल सगळ्यांना दिसेल असं जीपच्या टपावर ठेवलं आणि रिकाम्या हातांनी कोठीत गेले. आत बराच वेळ बोलणं चाललं. मग दार उघडलं. पुढे धाकटी, मागे फौजदार, तिच्या पाठीला पाठ लावून, तोंड आतल्या अंधाराकडे. दोघं चार पावलं बाहेर आले असतील. ड्रायव्हर तेवढ्यात जीप वळवून घेत होता. त्यानं आवाज ऐकला आणि मान फिरवली तर फौजदार खाली बसलेले होते, जणू दमून बसावं तसे.

त्यांना दवाखान्यात आणलं तेव्हा त्यांचं डोकं धाकटीच्या मांडीवर होतं आणि तिचे दोन्ही हात त्यांच्या पोटावर दाबलेले होते, कोपरापर्यंत लाल. मी म्हटलं, "हात काढ." ती काढेना. "काढला तर जातील, सिस्टर." मी तिला ढकललं आणि तिच्या हातांच्या जागी माझे हात ठेवले. मी सलाईन लावलं, बोळे कोंबले, जिल्ह्याच्या रुग्णवाहिकेला फोन लावत राहिले, खांद्यानं फोन धरून, हात न काढता. जे जे येत होतं ते सगळं केलं. ते शुद्धीवर नव्हते. रुग्णवाहिका आली ती मोकळी परत गेली.

धाकट्याला त्याच संध्याकाळी पकडलं. पळालाही नव्हता. कोठीतच झोपला होता.

पहिले काही दिवस गाव माझ्या दारात बसून होतं. मग हळूहळू एक वेगळं बोलणं सुरू झालं. कुठून सुरू झालं ते सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी नाव घेत नव्हतं. 'फौजदार वखारीवर जरा जास्तच जायचे, नाही?' 'कोठीत इतका वेळ काय करत होते?' 'नवऱ्याचं डोकं उगीच फिरत नाही.' मी दुकानात शिरले की बोलणं तुटायचं. पाटीला हात जोडणारे हेच लोक. एकाच तोंडानं देवमाणूसही म्हणत होते आणि हेही म्हणत होते.

सासूबाई एकदा ताटावरून उठल्या आणि म्हणाल्या, "माझा मुलगा मेला ते सोसलं. आता त्याला रोज थोडाथोडा मारतायत ते नाही सोसत."

खटला उभा राहायच्या आधी सरकारी वकीलबाई मला भेटायला आल्या. तरुण होत्या, पण गोड बोलून वेळ मारून नेणाऱ्यातल्या नव्हत्या.

"सिस्टर, स्पष्टच सांगते. कामगारांपैकी कुणी बोलायला तयार नाही. ड्रायव्हरनं गोळी सुटताना पाहिलेलं नाही. उरली ती धाकटी. तिनं पहिल्या दिवशी जबाब नीट दिलाय. पण आता ती मला टाळतेय. त्यांचा बचाव असा आहे, की तुमच्या यजमानांचे आणि तिचे संबंध होते, नवऱ्यानं दोघांना कोठीत बघितलं, झटापट झाली आणि गोळी सुटली. तिनं कोर्टात याला हो म्हटलं, तर धाकटा थोडक्यात सुटेल."

"आणि फौजदार?"

वकीलबाईंनी फाईल मिटली. "फौजदारांचं मग तेच नाव राहील."

मी दुसऱ्याच दिवशी धाकटीकडे गेले. तोवर मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. ती टायर दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत राहायची आणि पोती शिवून पोट भरायची. खोलीत रबराचा वास, कोपऱ्यात पोत्यांचा ढीग, खिडकीला काचेच्या जागी पुठ्ठा. तिनं दार उघडलं आणि मला बघून मागे सरकली.

"बसा म्हणायला खुर्ची नाही, सिस्टर."

मी पोत्यांवरच बसले. काय बोलायचं ते मी रस्ताभर घोकलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "तू कोर्टात काय सांगणार आहेस?"

ती सुईत सुतळी ओवत राहिली. "तुम्हाला कळलंय म्हणजे."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"थोरले भाऊजी आले होते. माझी मुलगी त्यांच्याकडे आहे. त्या दिवसापासून तिला मला बघूसुद्धा दिलेलं नाही. मी फाटकाशी जाते, ते कुत्री सोडतात. म्हणाले, कोर्टात एवढंच म्हण की फौजदार तुझ्याकडे यायचे. संध्याकाळी पोरगी तुझ्या दारात आणून सोडतो."

"आणि तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

मी उठले आणि तिचे खांदे धरले. हलवलंच तिला. "अगं, ते तुझ्यासाठी मेले! तुझ्या पाठीला पाठ लावून उभे होते ते!"

"मी सांगितलं होतं का मरायला?" ती ओरडली. सुई तिच्या तळहातात रुतली होती, तिचं लक्षही नव्हतं. "जाईन तिथे हेच! नळावर, दुकानात, थांब्यावर. ते मेले आणि मी जगले, हा माझा गुन्हा. मला काय हौस होती? बरं झालं असतं मीच मेले असते तर, माझ्या पोरीला निदान वखारीत कुणी तुझी आई असली-तसली म्हणून टोचलं नसतं. सात वर्षांची आहे हो ती. तुम्हाला मूल नाही, सिस्टर, तुम्हाला नाही कळ—"

बोलता बोलता तिनं ओठ दाबून धरले. मी तिचे खांदे सोडले. आम्हाला मूल नव्हतं ही गोष्ट गावाला माहीत होती; आमच्या तोंडावर तोवर कुणी काढली नव्हती.

खालून टायरवर हातोडा आपटल्याचा आवाज येत होता. मी परत बसले. रागवायलासुद्धा अंगात काही उरलं नव्हतं. मी तिच्यापुढे हात जोडले. खरंच जोडले. म्हटलं, "माझ्याकडे दुसरं काही नाही गं. माणूस गेला. नोकरी आहे, म्हातारी सासू आहे आणि त्यांचं नाव आहे. तेवढं नको नेऊस." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मलाच माझं बोलणं ऐकू आलं. मी एका आईला सांगत होते की तुझी मुलगी सोड, मला माझ्या मेलेल्या नवऱ्याचं नाव हवंय.

मग मी विचारलं, "गाडीत काही बोलले का ते?"

"बोलले ना. खड्ड्यांना शिव्या घातल्या. ड्रायव्हरला म्हणाले, अरे हळू, मेलेला माणूससुद्धा जिवंत होऊन मारेल तुला."

मला हसू फुटलं. ते गेल्यापासून पहिल्यांदा. मग ते हसू आवरेना, आणि कधी रडू झालं तेही कळलं नाही. धाकटीनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि माझ्याकडे पाठ करून पोतं शिवू लागली.

त्यानंतर मी चौकीवर नव्या फौजदारांकडे गेले. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पण म्हणाले, "मुलगी आजीकडे आहे, बापाच्या घरी आहे. आईनं कोर्टात अर्ज करावा. सहा महिने धरा." खटला तर पुढच्या आठवड्यावर आला होता. मी म्हटलं, "तोवर सगळं संपेल." ते म्हणाले, "माझे हात बांधलेले आहेत." त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीला फौजदारांची पाटी होती.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. वखारवाल्यांच्या आईच्या पायाला जुनी जखम होती, साखरेमुळे चिघळलेली. तिची पट्टी करायला मी दर आठवड्याला वखारीवर जायची. फौजदार गेल्यावरही जात राहिले. सासूबाईंनी मला वेड्यात काढलं. पण दुसरी नर्स नव्हती, आणि पट्टी चुकली तर म्हातारीचा पाय जाणार हे मला दिसत होतं. त्या घरात मी खाली मान घालून जायची, पाय धुवायची, मलम लावायची, यायची. म्हातारी आणि मी त्या विषयावर एक अक्षर बोललो नव्हतो.

त्या आठवड्यात मी गेले तेव्हा थोरला बाहेरगावी होता. खाली करवत घरघरत होती. मी पाय मांडीवर घेतला आणि मान वर न करता म्हटलं, "आजी, नातीला तिच्या आईकडे जाऊ द्या."

म्हातारीनं पाय आखडला नाही. "पोर कशी आहे ते बघितलंस का?"

"नाही."

"खाली करवत सुरू झाली की कानांवर हात ठेवून कपाटात जाऊन बसते. रोज. जेवायला काढावी लागते बाहेर. कुणाशी बोलत नाही. रात्री अंथरूण ओलं करते आणि मग तिची चुलती तिला मारते." ती थांबली. "पोर आईला दिली, तर धाकटी कोर्टात खरं सांगेल?"

"हो."

"म्हणजे माझा मुलगा आत जाईल."

मला खोटं बोलता आलं असतं. "हो, आजी."

"किती वर्षं?"

"बहुतेक जन्मभर."

म्हातारीनं खिडकीतून खाली अंगणाकडे बघितलं.  "तुझा नवरा मला आवडायचा," ती म्हणाली. "पण तो माझा नव्हता. धाकटा माझा आहे. त्याला अंगणात चालताना बघून मरावं, एवढंच मागत होते मी." मग म्हणाली, "पट्टी पुरी कर."

मी पट्टी बांधली. गाठ मारली. आशा सुटलीच होती. मी पिशवी आवरायला लागले तशी म्हातारीनं हाक मारली. आतून एक बारीक पोर आली, केस न विंचरलेले, पायात दोन वेगळे मोजे.

"सिस्टरची पिशवी धर," म्हातारी तिला म्हणाली. "फाटकापर्यंत जा त्यांच्याबरोबर. फाटकाच्या पुढे गेलीस तरी चालेल." आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

अंगण ओलांडायचं होतं. सगळे कामगार तिथेच होते. पोरीनं करवतीच्या आवाजाला घाबरून पिशवी छातीशी धरली आणि दुसऱ्या हातानं माझं बोट. मुकादमानं आम्हाला पाहिलं.  त्यानं एक ओंडका उचलला, आमच्याकडे पाठ केली आणि तो करवतीवर चढवला. एकेक करून सगळ्यांनी पाठी फिरवल्या. एकानं तर कुत्र्यांना साखळ्या घातल्या. त्या दिवशीसारखंच आजही कुणी काही पाहिलं नाही. मला त्यांचे आभार मानावेसे वाटले नाहीत.

टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत धाकटीनं राहणं आता धोक्याचं होतं, म्हणून मायलेकींना मी आमच्या घरी आणलं. सासूबाईंनी दारातच अडवलं.

"जिच्यापायी माझा मुलगा गेला, ती माझ्या घरात?"

"खटला होईपर्यंत, आई."

"मग मी तिच्याशी बोलणार नाही."

"नका बोलू."

आणि खरंच बोलल्या नाहीत. धाकटीचं ताट त्या जमिनीवर जरा आपटूनच ठेवायच्या, पण ताट गरम असायचं. तिसऱ्या दिवशी पोरीवर मात्र खेकसल्या, "अगं, दोन पायांत दोन रंग? पाय काय वेगवेगळ्या घरचे आहेत का?" पोर त्यांच्याकडे टकामका बघत राहिली.

थोरला आला तेव्हा मी दवाखान्यात होते. गलका ऐकून धावत रस्ता ओलांडला. तो दारात उभा राहून ओरडत होता, "पोरगी पळवलीत! पोलिसात देईन!" सासूबाई उंबऱ्यात, काठी टेकून.

"दे की," त्या म्हणाल्या. "पूर्वी इथेच देता आलं असतं. फौजदार घरातच असायचे. तुम्हीच ठेवले नाहीत."

 जाताना थोरल्यानं कुंडी लाथाडली. दुसऱ्या दिवशी खिडकीची काच फुटली. त्या खोलीत मग आम्ही कुणी झोपलो नाही. चौघी एकाच खोलीत, दाराला कपाट लावून.

कोर्टात धाकटी साक्षीला उभी राहिली. थोरला मागच्या बाकांवर बसला होता, कामगारांना घेऊन. सरकारी वकीलबाईंनी विचारलं ते तिनं सांगितलं. कोठीत फौजदार काय बोलले, धाकट्यानं बंदूक खाली कशी ठेवली आणि ती दोघं बाहेर पडताच पुन्हा कशी उचलली. नेम धरून कशी झाडली, ते तिनं मान वळवून पाहिलं होतं. मग बचावाचे वकील उठले. शांत आवाज, चेहऱ्यावर हसू.

"फौजदार तुमच्याकडे नेहमी यायचे?"

"हो."

मागे कुजबुज झाली. माझ्या शेजारी सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"नवरा घरात नसतानाही?"

"नवरा मारायचा तेव्हा यायचे. तो मारायला घरात लागतोच ना."

"तुमचे आणि त्यांचे संबंध होते, हे गावाला माहीत आहे."

"गावाला काय काय माहीत आहे ते मी ऐकलंय," धाकटी म्हणाली.  "ते शिट्टी वाजवत यायचे, साहेब. खालच्या वळणापासून. सगळ्या वखारीला ऐकू जायची. चोरून येणारा माणूस असा येतो का? हे मागे बसलेत ना, त्यांना विचारा. करवत चालू असताना पण ऐकू यायची त्यांना ती शिट्टी. गोळी तेवढी ऐकू आली नाही."

 मुकादम उठून बाहेर गेला. तो साक्ष द्यायला परत येईल असं मला क्षणभर वाटलं. तो आला नाही.

धाकट्याला जन्मठेप झाली. निकाल ऐकताना त्यानं आईला शोधत मागे बघितलं. ती आली नव्हती. मला काही होईल असं वाटलं होतं. आनंद नाही तर निदान हलकं. काहीच झालं नाही. वकीलबाईंनी हात हातात घेतला तेव्हा मी त्यांना विचारलं, परतीची बस किती वाजता आहे.

धाकटीला गावात राहणं शक्यच नव्हतं. लांबच्या शहरात तिची मावसबहीण होती, तिच्याकडे जायचं ठरलं. थांब्यावर मी सोडायला गेले.  ती म्हणाली, "येते." मी म्हटलं, "सांभाळून जा." खरं सांगायचं तर ती मला शेवटपर्यंत आवडली नाही. तिच्याकडे बघितलं की ते लाल हात दिसायचे, आणि तिलाही माझ्याकडे बघून तेच दिसत असणार. बस सुटली तेव्हा पोर खिडकीत होती. सासूबाईंनी तिला नवे मोजे दिले होते, ते तिनं हातात घातले होते.

मी पुढच्या आठवड्यात पट्टी करायला वखारीवर गेले. फाटक बंद. थोरल्यानं आतून सांगितलं, "तुमची गरज नाही." मी म्हटलं, "मला शिव्या द्या, पण पाय बघू द्या." त्यानं कुत्री सोडली. मी पुन्हा गेले, नव्या फौजदारांना घेऊन गेले. तरी फाटक उघडलं नाही. म्हातारीनंच नको म्हटलंय, असं तो म्हणाला. खरं की खोटं, मला आजवर कळलेलं नाही.

थंडी संपता संपता तिला वखारीच्या ट्रकमधून दवाखान्यात आणलं. पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला होता. जिल्ह्याला न्यायची वेळ कधीच टळून गेली होती. थोरला बाहेर पायरीवर बसला, आत आला नाही. मी तिच्या उशाशी बसले. ताप मेंदूत चढला होता, पण मधूनच डोळे स्वच्छ व्हायचे.

"धाकटा जेवतो का तिथे?" तिनं विचारलं.

"जेवतो, आजी."

"आणि पोर? बोलायला लागली का?"

धाकटी गेल्यापासून तिचा एक निरोपसुद्धा आलेला नव्हता. ती त्या शहरात आहे की आणखी कुठे, तेही मला ठाऊक नव्हतं.

"बोलते," मी म्हटलं. "शाळेत जाते. फार बोलते म्हणून बाई ओरडतात तिला."

म्हातारीनं मान हलवली. मी तिचं पांघरूण वर ओढलं आणि बाहेर जाऊन थोरल्याला आत यायला सांगितलं.